नैराश्यातला अपराधीपणा, लाज आणि मेंदू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झोप उडणं, भूक मरणं, कशात मन न लागणं ही नैराश्याची लक्षणं आता बऱ्याच जणांना ठाऊक आहेत. ‘माझ्यामुळेच घराचं वाटोळं झालं’, ‘मला तोंड दाखवायला जागा उरली नाही’ हेही लक्षणच, हे मात्र पेशंटच्या ध्यानात येत नाही आणि घरच्यांच्याही येत नाही. झोप उडाली की काहीतरी बिघडलंय हे कळतं. दोषी वाटलं की आपण दोषी आहोत, असंच वाटतं. खालचे बहुतेक प्रश्न या एका गफलतीतून येतात. (जीव नकोसा झाला असेल तर वाचत बसू नका. टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, मराठीत बोलता येतं.)

स्वतःला दोष देणं हा माझा स्वभावच आहे. त्याला आजार का म्हणायचं?

स्वभाव असेलही. काही जण दुसऱ्याच्या हातून कप फुटला तरी ‘माझंच चुकलं’ म्हणतात आणि आयुष्यभर ठणठणीत राहतात. पाहायचं ते एवढंच, की हे कधीपासून वाढलं आणि सोबत आणखी काय आलं. ‘डीएसएम-५’ या निदानाच्या नियमावलीत नैराश्याची नऊ लक्षणं दिली आहेत. त्यांतलं एक म्हणजे आपण कवडीमोलाचे आहोत असं वाटणं किंवा अवाजवी अपराधीपणा, तोही जवळजवळ रोज. नऊपैकी किमान पाच लक्षणं दोन आठवडे दिसावी लागतात आणि त्यांत उदासी किंवा कशातच रस न उरणं यांपैकी एक तरी असावंच लागतं. नुसत्या अपराधीपणावरून निदान होत नाही. त्याच नियमावलीत एक बारीक खुलासाही आहे: ‘मी आजारी पडलो, माझी कामं अडली’ एवढ्यापुरतं वाईट वाटणं यात धरत नाहीत.

ही आजची कल्पना नाही. फ्रॉइडने १९१७ साली शोक आणि ‘मेलँकोलिया’ यांची तुलना करताना याच जागी बोट ठेवलं होतं. जवळचं माणूस गेलं की जग रितं वाटतं, मेलँकोलियात माणूस स्वतःलाच रिता आणि नालायक समजू लागतो. यावर त्याने रचलेला पुढचा सिद्धांत आज फार थोडे लोक जसाच्या तसा मानतात, निरीक्षण मात्र टिकलं. मॅक्स हॅमिल्टन यांनी १९६० साली नैराश्य मोजायची जी पट्टी तयार केली, तिच्यात पहिला मुद्दा उदासीचा आणि दुसराच अपराधीपणाचा आहे.

अपराधीपणा आणि लाज एकच ना?

नाही, आणि उपचारांच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. समजा, नणंदेच्या मुलीच्या साखरपुड्याला जायचं राहिलं. ‘जायला हवं होतं, आज फोन करून बोलते’ हा अपराधीपणा. त्याचा रोख केलेल्या किंवा राहिलेल्या गोष्टीवर असतो आणि तो माणसाला काहीतरी करायला लावतो. ‘मी आहेच अशी, मला कोणी बोलावूच नये’ ही लाज. तिचा रोख अख्ख्या माणसावर. मग फोन होत नाही, नणंदेचा मेसेज उघडायचंही धाडस होत नाही, आठ दिवसांनी न उघडलेला मेसेज हाच नवा पुरावा होतो. हेलन ब्लॉक लुईस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७१ साली ही विभागणी मांडली आणि पुढचं बरंचसं संशोधन तिच्यावर उभं राहिलं.

२०११ साली १०८ अभ्यासांतली, २२,४११ लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. नैराश्याशी लाजेचं नातं अपराधीपणाच्या नात्यापेक्षा घट्ट निघालं. पण त्यात एक मेख होती. जे आपल्या हातात नव्हतंच त्याचा दोष स्वतःकडे घेणं, किंवा कशाबद्दल ते सांगता येत नाही पण सतत दोषी वाटणं, हे अपराधीपणाचे प्रकार लाजेइतकेच नैराश्याशी जोडलेले आढळले. म्हणजे ‘अपराधीपणा चांगला, लाज वाईट’ असं सरसकट सांगणाऱ्या व्हिडिओंवर फार विसंबू नका.

मेंदूत नेमकं काय होतं?

अपराधीपणाचं म्हणून एखादं केंद्र मेंदूत नाही. तरी काही जागांची नावं पुन्हा पुन्हा समोर येतात.

पहिली म्हणजे सबजेन्युअल सिंग्युलेट. मेंदूचे दोन्ही अर्धगोल जोडणाऱ्या जाड पट्ट्याच्या पुढच्या वळणाखाली, कपाळामागे आत खोलवर हा छोटासा भाग असतो. हेलन मेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवलं, की निरोगी माणसाने दुःखद आठवणी जागवल्या की इथली हालचाल वाढते आणि नैराश्य ओसरलं की ती कमी होते. २००५ साली टोरांटोत, कशालाच दाद न देणारं नैराश्य असलेल्या सहा जणांच्या मेंदूत या भागाजवळ बारीक विद्युतप्रवाह सोडून पाहिला. चौघांना टिकाऊ फरक पडला. त्याचा मोठा गाजावाजा झाला. पुढे ९० जणांवर झालेल्या चाचणीत मात्र खरा प्रवाह आणि खोटा प्रवाह (यंत्र बसवलेलं, पण बंद ठेवलेलं) यांत सहा महिन्यांनी ठळक फरक दिसला नाही. ही दुसरी बातमी पहिलीइतकी पसरली नाही.

दुसरी जागा उजव्या कानशिलाच्या आत, टेम्पोरल लोबच्या पुढच्या टोकाला. कंजूष, तुसडा, मायाळू, हेकट या शब्दांतल्या बारीक छटा समजून घेण्यात या भागाचा हात असतो. ‘त्या दिवशी मी तुसडेपणाने वागलो’ आणि ‘मी माणूसच वाईट’ ही दोन वाक्यं वेगळी ठेवायला या छटा लागतात.

रोलँड झान आणि मँचेस्टरमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन्ही जागांमधला संवाद तपासला. अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. नैराश्यातून बरे झालेले २५ जण आणि कधीच नैराश्य न आलेले २२ जण एमआरआय यंत्रात झोपून वाक्यं वाचत होते. वाक्यात स्वतःचं नाव आणि जिवलग मित्राचं नाव: मी मित्राशी कंजूषपणे वागलो, मित्र माझ्याशी कंजूषपणे वागला. पहिल्याने अपराधी वाटतं, दुसऱ्याने राग येतो. ज्यांना नैराश्य येऊन गेलं होतं त्यांच्यात अपराधी वाटण्याच्या वेळी या दोन जागांचा ताळमेळ सैल पडत होता, रागाच्या वेळी तसं होत नव्हतं. लोक बरे झालेले असूनही हे दिसलं, म्हणून याकडे लक्ष गेलं. मग २०१५ साली याच गटाने बऱ्या झालेल्यांचा पुढचा वर्षभराहून अधिक काळ पाठपुरावा केला, तेव्हा ज्यांचं नैराश्य उलटलं त्यांच्यात हाच ताळमेळ, उलटलं नाही अशांच्या तुलनेत, जास्त घट्ट निघाला. तेव्हा ‘तार तुटली’ इतकं सोपं हे प्रकरण नाही. या जोडणीत काहीतरी वेगळं आहे, इतपत म्हणता येतं.

तिसरं नाव ऐकलं असेल: डिफॉल्ट मोड नेटवर्क. मार्कस राइकली यांनी २००१ साली हे नाव रूढ केलं. आपण बाहेरच्या कामात नसतो तेव्हा मेंदूचे जे भाग एकत्र चालू राहतात त्यांचं हे जाळं, आणि स्वतःबद्दलचे विचार बरेचसे इथेच घोळतात. नैराश्यातलं रवंथ, म्हणजे तेच ते विचार पुन्हा पुन्हा चघळणं, याच्याशी जोडलं जातं. दिवसभर कामात कसाबसा निभाव लागतो आणि अंथरुणाला पाठ टेकली की दहा वर्षांपूर्वीचं कुणाला काय बोललो ते आठवायला लागतं, हा अनुभव ज्यांना आहे त्यांना अधिक सांगायला नको.

लाजेचा माग शरीरातही लागतो. २००४ साली डिकरसन आणि केमेनी यांनी ताणावरचे २०८ अभ्यास एकत्र तपासले. कॉर्टिसॉल हे संप्रेरक सगळ्यात जास्त वाढलं ते, जिथे चार लोक आपल्याला जोखत आहेत आणि निकाल आपल्या हातात नाही, अशा प्रसंगी. ‘लोक काय म्हणतील’ची धास्ती रक्तात मोजता येते ती अशी.

हे सगळं रोजच्या भाषेत सांगायचं तर, वाण्याच्या तराजूचं एक पारडं आधीच खाली ओढलेलं असावं तसं होतं. माल तोच, पण दरवेळी वजन जास्तच भरणार.

मग मेंदूचा स्कॅन काढून घेऊ का?

नको. वरचे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत, एका माणसाचा स्कॅन पाहून त्याला नैराश्य आहे की नाही हे आज सांगता येत नाही. डॉक्टर थायरॉइड किंवा बी-१२ तपासायला सांगतील, ते जरूर करा.

सेरोटोनिन कमी पडतं म्हणून हे होतं ना?

इतकं सरळ नाही. ‘रसायनाचा तोल गेला’ हे समजावायला सोपं वाक्य होतं म्हणून चाललं. सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्यांचा अनेकांना उपयोग होतो हे खरं, पण त्यावरून आधी सेरोटोनिन कमी होतं असं सिद्ध होत नाही. क्रोसिन घेऊन डोकं थांबलं म्हणून शरीरात क्रोसिन कमी होतं असं आपण म्हणत नाही.

पण माझी खरंच चूक झाली आहे. ती आजाराच्या नावावर कशी खपवू?

हा प्रश्न सगळ्यात अवघड, आणि ‘छे, तुझं काही चुकलं नाही’ हे त्याचं उत्तर नव्हे. खरी चूक आणि नैराश्य दोन्ही एकाच वेळी असू शकतात. चूक असेल तर तिला माफ करता येतं, भरपाई करता येते, शिक्षा झाली तर भोगून संपवता येते. नैराश्यातला दोष संपत नाही. माफी मिळाली तरी ‘त्यांनी मोठ्या मनाने माफ केलं, म्हणजे मी आणखीच नीच’ असा त्याचा हिशोब.

समुपदेशनात यासाठी एक साधी रीत वापरतात. २०२१च्या एप्रिल-मेमधलं घ्या. ‘बाबांना वेळेत बेड मिळवून देऊ शकलो नाही, मी त्यांना मारलं’ असं कित्येक मुलं-मुली आजही मनात धरून आहेत. वहीच्या पानावर एक मोठा गोल काढायचा. जे झालं त्याला कारणीभूत असलेलं सगळं बाजूला लिहायचं: विषाणू, बाबांचा मधुमेह, त्या आठवड्यात भरलेली हॉस्पिटलं, ऑक्सिजनचा तुटवडा, बाबांनी स्वतः चार दिवस अंगावर काढलेला ताप, फॅमिली डॉक्टरांचा ‘थांबून बघू’ हा सल्ला. प्रत्येकाला गोलातला वाटा द्यायचा. स्वतःचा वाटा सगळ्यात शेवटी, उरलेल्या जागेत. बहुतेक जण पेन घेऊन बसताना अख्खा गोल स्वतःच्या नावावर करून बसलेले असतात. शेवटी एक फाक उरते, कधी तीही नीट मावत नाही. ती फाक खोडायची नाही. तेवढ्याचं काय करायचं, हे मग बोलता येतं.

क्रम महत्त्वाचा, हे मुद्दाम सांगते. स्वतःपासून सुरुवात केली की पान तिथेच भरतं.

आमच्या आईचं डोकं, पाठ, पोट सतत दुखतं. रिपोर्ट नॉर्मल. ती अपराधी वगैरे काही म्हणत नाही. तरी हे नैराश्य असू शकतं?

असू शकतं. आपल्याकडच्या लोकांना नैराश्यात अपराधी वाटतच नाही, असं एके काळी पाश्चात्त्य मनोविकारतज्ज्ञ बिनदिक्कत लिहायचे. इथल्या डॉक्टरांना वेगळंच दिसलं: आपणहून सांगत नाहीत, विचारलं की सांगतात. १९९६ साली बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतला ८० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात उदासीची लक्षणं जितकी जास्त तितकी ‘लोकांत नाचक्की होईल’ ही भीती जास्त होती, अंगदुखीसारख्या तक्रारींचं नातं याच्या उलट होतं. यात नवल नाही. गुडघा दुखतो म्हटलं की सून शेक देते. ‘मला जगण्याची लाज वाटते’ म्हटलं की घरात बैठक बसते.

ओपीडीत तीन मिनिटं मिळतात, आईच्या वतीने मुलगा बोलतो, झोप-भूक विचारून होते. तेव्हा आईला थोडा वेळ एकटीला डॉक्टरांशी बोलू द्या. ‘तुम्हाला स्वतःचा राग येतो का?’, ‘तुमच्यामुळे घरच्यांना त्रास होतोय असं वाटतं का?’ असं विचारलं, तर बरंच काही बाहेर येतं. ‘अपराधीपणाची भावना आहे का?’ या छापील प्रश्नाला उत्तर ‘नाही’च येणार.

संतही स्वतःला पतित, पापी म्हणायचे. मग ते काय नैराश्य होतं?

भक्तीतली ती कबुली कुणाला तरी उद्देशून असते. ऐकणारा आहे, तो पतितपावन आहे, तो जवळ करणार हा भरवसा त्याच ओळीत असतो. नैराश्यातल्या माणसाला तो भरवसाच उरत नाही. नेमाने हरिपाठ म्हणणारी बाई ‘मी देवापुढे उभी राहायच्या लायकीची नाही’ म्हणून देवघराकडे फिरकेनाशी झाली, तर तिला आणखी पारायणं सुचवू नका, डॉक्टरकडे न्या. ‘मागल्या जन्मीचे भोग’ हे शब्द एखाद्याला धीर देतात, दुसऱ्याच्या गळ्यातला फास आवळतात. समोरच्या माणसाकडे पाहून ठरवा.

बाळंतपणानंतर ‘मी चांगली आई नाही’ असं वाटतं, ते यातलंच का?

पहिले काही दिवस रडू येणं बऱ्याच जणींना होतं आणि ते साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्याहून लांबलं तर थांबू नका. बाळंतिणींसाठी १९८७ साली एडिनबरोत तयार झालेल्या दहा प्रश्नांच्या यादीत ‘काही बिघडलं तेव्हा मी विनाकारण स्वतःला दोष दिला’ हे विधान तिसऱ्या क्रमांकावर आहे, यावरून ते किती सर्रास आढळतं ते समजा. दूध कमी आलं, बाळ रात्रभर रडलं, सिझेरियन झालं, प्रत्येक गोष्टीचा दोष आईकडे, आणि भेटायला येणाऱ्या बायकाही त्यात भर घालतात. अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधं आहेत. डॉक्टरांना ‘पाजते आहे’ एवढं सांगायचं.

लहान मुलांनाही असं होतं?

होतं. सेंट लुईसमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठात शाळापूर्व वयापासून मुलांचा पाठपुरावा करणाऱ्या एका गटाने २०१५ साली दाखवलं, की लहानपणी नैराश्यासोबत अवाजवी अपराधीपणा असलेल्या मुलांत मेंदूतल्या अँटिरिअर इन्सुला या भागाचं आकारमान कमी होतं आणि ते कमी असण्याचा संबंध पुढे नैराश्य पुन्हा येण्याशी होता. आईबाबांच्या भांडणानंतर ‘माझ्यामुळे झालं का?’ असं मूल एकदा विचारतं ते स्वाभाविक आहे. आठवडेच्या आठवडे प्रत्येक गोष्टीची माफी मागत असेल, खेळायचं सोडलं असेल, तर दाखवा.

‘तुझी काही चूक नाही’ असं शंभरदा सांगितलं, पटतच नाही. घरच्यांनी करायचं काय?

शंभरदा सांगणं थांबवायचं. वाद घातला की तो माणूस स्वतःच्या विरोधात आणखी पुरावे काढतो, आणि त्याची वकिली तुमच्यापेक्षा भारी असते. ‘तुला असं वाटतंय हे दिसतंय मला. हे आजारामुळे जास्त वाटतंय असं मला वाटतं. आत्ता जेवून घेऊ’ एवढं पुरे. ‘लोकांची दुःखं बघ’, ‘तुला काय कमी आहे?’ ही दोन वाक्यं घरात बंद करा, दोन्हींनी लाज वाढते. छोटी कामं काढून घेऊ नका. दादा कोथिंबीर निवडू शकत असतील तर निवडू दे.

गोळ्यांनी अपराधीपणा जातो? की नुसती झोप येते?

जातो, पण सावकाश. मन हलकं व्हायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. ऑक्सफर्डच्या कॅथरीन हार्मर यांच्या प्रयोगांत दिसलं, की मन सुधारल्याचं जाणवण्याआधीच चेहऱ्यावरचे भाव वाचण्यातला वाईटाकडचा कल बदलू लागतो. म्हणून पहिल्या पंधरवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून गोळी सोडणं हा तोट्याचा सौदा. पहिल्यांदाच नैराश्य आलं असेल तरी बरं वाटल्यावर निदान सहा महिने औषध चालू ठेवायला सांगतात. बंद करायचं ते डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

बोलून उपचार करायचे तर कोणते?

अ‍ॅरन बेक यांची विचार तपासायची पद्धत आणि अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत. दुसरी महाराष्ट्रात बरीच रुजली आहे. ‘मी असं वागायला नको होतं’ इथून ‘म्हणून मी नालायक’ इथे उडी कशी पडते, हे ती पकडायला शिकवते. लाज फार खोल असेल तर पॉल गिल्बर्ट यांनी ब्रिटनमध्ये विकसित केलेली करुणेवर भर देणारी पद्धतही आहे. तिचा रोख असा, की काही माणसांना स्वतःविरुद्धचे मुद्दे चूक आहेत हे डोक्याने पटतं, पण आतला आवाज तसाच खेकसत राहतो. तेव्हा आवाजाचा सूर बदलण्यावर काम करावं लागतं. कोणत्या पद्धतीने सुरुवात केली यापेक्षा समोरच्या समुपदेशकापुढे लाज वाटणारी गोष्ट बोलता येते का, हे मी आधी बघेन.

वडील म्हणतात, ‘मी महापाप केलंय, पोलीस येणार, माझी आतडी सडली आहेत.’ समजावून उपयोग नाही.

समजावू नका, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. हे भ्रमासह असलेलं तीव्र नैराश्य असू शकतं. आपले अवयव नष्ट झाले, आपण मेलोच आहोत, असा भ्रम ज्यूल कोतार यांनी १८८० साली पॅरिसमध्ये वर्णन केला होता. अशा अवस्थेत ईसीटी, म्हणजे लोक ज्याला ‘शॉक’ म्हणतात ते, भूल देऊन केलं तर खूप गुणकारी ठरतं. सिनेमात दाखवतात तसं ते नसतं. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला.

‘मी सगळ्यांना भार झालोय, मी नसलो तर सुटतील’ असं कुणी म्हणालं तर?

हे वाक्य गंभीरपणे घ्या. आपण भार आहोत ही समजूत आत्महत्येच्या विचारांशी जवळून जोडलेली असते. कर्जात बुडालेले, निवृत्त, दीर्घ आजारी, परीक्षेत नापास झालेले, यांच्या तोंडी ते नेहमी येतं. थेट विचारा: ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट मोकळं व्हायला वाट मिळते. हो म्हणाले तर एकटं सोडू नका, घातक वस्तू घरातून हलवा, १४४१६ला फोन करा किंवा जवळच्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात न्या. ‘पोलीस केस होईल’ या भीतीने लपवू नका. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायला सांगितलं आहे, आणि १ जुलै २०२४पासून जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलमही राहिलेलं नाही.

ऑफिसात सांगू का? मेडिक्लेम मिळतो?

सांगणं बंधनकारक नाही. रजेसाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र पुरतं, आणि साहेब कसे आहेत हे तुम्हालाच माहीत. विम्याबद्दल: शारीरिक आजारांना जसं संरक्षण मिळतं तसंच मानसिक आजारांनाही द्यावं, असं त्याच २०१७च्या कायद्यात आहे. पॉलिसीच्या अटी वाचा, नकार आला तर लेखी मागा.

बरी झाले, पण आजारात जे वागले त्याची आता लाज वाटते. हे परत येतंय का?

थोडी लाज वाटणं नेहमीचं आहे, विशेषतः मुलांवर ओरडलेलं, कामं बुडवलेली आठवून. ज्यांच्याशी बोलायचं राहिलं त्यांची यादी करा आणि सगळ्यात सोप्या माणसापासून सुरुवात करा; सविस्तर खुलासा द्यायची गरज नाही, ‘मध्यंतरी तब्येत बरी नव्हती’ चालतं. मात्र ‘असं वागले’चं पुन्हा ‘मी अशीच’ व्हायला लागलं, सोबत झोप पहाटे चारला मोडू लागली आणि हे आठवडाभर चाललं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. घरातल्या एका माणसाला या दोन खुणा आधीच सांगून ठेवा, कारण त्या वेळी तुम्हाला स्वतःला फोन करावासा वाटणार नाही.